बुटांचे तेवीस जोड

१३ फेब्रुवारी १९९४, रविवार. सकाळचे सहा. स्वयंपाकघराचं मागचं दार बर्फाने बाहेरून दाबून धरलं होतं, ते मोकळं करायचं होतं. कचरा त्याच दाराने जातो, रॉकेलचे डबे त्याच दाराने येतात. ते बंद राहिलं की घर अडतं. मी पुढच्या दाराने फावडं घेऊन निघाले. भिंतीच्या कडेने वाट काढत मागे पोचायलाच अर्धा तास लागला.

गुरुवारी दुपारी सुरू झालेलं वादळ शनिवारी रात्री थांबलं होतं. तळमजल्याच्या खिडक्यांच्या फक्त वरच्या काचा दिसत होत्या. आकाश मात्र स्वच्छ निळं. इथली माणसं वादळाला फारशी घाबरत नाहीत, वादळानंतरच्या पहिल्या उन्हाला घाबरतात. पाहुण्यांना ते माहीत नसतं. ते निळं आकाश बघतात आणि स्की काढतात.

आमचं मिन्शुकु, म्हणजे घरगुती लॉज, नागानोतल्या एका स्कीच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. सासू-सासऱ्यांनी काढलेलं. मी पुण्याची, पुण्यात जपानी शिकवायला आलेल्या माणसाशी लग्न करून इथे आले, त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. सासरे वारले होते. सासूबाई, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि मी, एवढ्यांवर सगळं चालायचं. हिवाळ्यात नवरा उतारावरच्या गस्तीतही काम करायचा. त्या दिवशी तो पहाटे साडेचारलाच स्कीचे बूट चढवून गेला होता.

सात वाजता दार उघडलं. मी फावडं तिथेच टेकवलं आणि भाताकडे वळले. तेवढ्यात डोंगरावरच्या लाउडस्पीकरवरून पहिली सूचना आली: बर्फ फार पडला आहे, उतार तपासेपर्यंत एकही लिफ्ट सुरू होणार नाही, कृपया धीर धरून थांबावे. मग दर अर्ध्या तासाने तीच बाई त्याच गोड आवाजात तेच सांगत राहिली.

घरात तेवीस पाहुणे तीन दिवस कोंडलेले होते. तोक्योहून आलेल्या एका कंपनीतले दहाजण, विद्यार्थ्यांचा एक घोळका, आणि नागोयाहून आलेलं एक मराठी जोडपं. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर, जपानात येऊन वर्ष झालेलं. ती सांगलीची, लग्न होऊन तीन महिने. नागानोत एक पुण्याची बाई लॉज चालवते आणि सांगितलं तर पिठलं करून घालते, असं त्यांना नागोयात कुणीतरी ऐकीव सांगितलं होतं. गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या बसने आले, आणि तेव्हापासून तिला खिडकीतून पांढऱ्याशिवाय काही दिसलं नव्हतं. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं.

"काकू, तुमचा डोंगर आहे ना नक्की इथे?" तो आदल्या रात्री जेवताना म्हणाला होता. "की तिकिटं विकायला नुसता बोर्ड लावलाय?"

"उद्या दिसेल," मी म्हटलं. "दिसला तरी लगेच जायचं नाही. सांगतील तेव्हा."

"सांगतील तेव्हा आम्ही नागोयात असू," त्याची बायको म्हणाली, आणि तिघंही हसलो.

आठ वाजता गस्तीच्या चौकीतून फोन आला. दर मोठ्या वादळानंतर येतो. उतार उघडण्याआधी गस्तीची माणसं वरच्या कडेने स्की करत जातात आणि कड्यावर लोंबणारा बर्फ कापून मुद्दाम खाली पाडतात, म्हणजे तो नंतर माणसांवर पडू नये. तो पाडायच्या आधी पायथ्याच्या प्रत्येक लॉजला विचारतात. गस्तीचा प्रमुख साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने मला ओकुसान, म्हणजे वहिनी, म्हणत नेहमीचा प्रश्न विचारला: "ओकुसान, तुमच्याकडचे सगळे आत आहेत का?"

"एक मिनिट," मी म्हटलं.

फोन दाराशीच आहे. जपानी घरात दारातच बूट काढतात, आणि आमच्याकडे तिथे नंबर घातलेली फळी आहे. प्रत्येक खोलीचा कप्पा ठरलेला. कोण आत, कोण बाहेर, हे बघायला वर जावं लागत नाही. कप्पा रिकामा म्हणजे माणूस बाहेर. सासऱ्यांपासून हीच पद्धत आणि ती कधी चुकलेली नव्हती. मी बोट फिरवत मोजले. तेवीस जोड. इंजिनीअरचे नवेकोरे बूटही होते. ते ओले होते म्हणून मीच आदल्या दिवशी त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. बोळे तसेच.

"सगळे आत आहेत," मी सांगितलं.

"धन्यवाद," म्हणून त्याने फोन ठेवला.

पावणेनऊला वरून मोठा घरघराट आला. काचा थरथरल्या. डाव्या बाजूच्या उतारावरून पांढरा ढग उठला आणि झाडांपर्यंत येऊन बसला. जेवणघरात सगळे खिडकीशी जमले होते; विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हातात सूपचं पातेलं घेऊन बघत उभी होते. खरं सांगायचं तर मलाही ते बघायला आवडतं. आता अर्धं काम झालं, उजवीकडचा उतार पाडला की लिफ्ट सुरू होतील, पाहुण्यांची कटकट संपेल, असा माझा हिशेब.

सव्वानऊला सांगलीची मुलगी खाली आली. केस नुकते धुतलेले, खांद्यावर टॉवेल.

"काकू, हे इथे आहेत का?"

"नाही गं. वर नाहीत?"

"फोटो काढून दहा मिनिटांत येतो म्हणाले. मी अंघोळीला गेले तेव्हा. साडेसात झाले असतील."

"बाहेर नाही गेलेला. हे बघ त्याचे बूट."

तिने बूट बघितले. तिचा जीव भांड्यात पडला, तो माझ्यामुळे. आम्ही न्हाणीघर बघितलं, संडास बघितले, ओले कपडे वाळवायची खोली बघितली, सासूबाईंच्या खोलीचंही दार सरकवलं. तोवर माझी मुलगी स्वयंपाकघरातून आली आणि जपानीत म्हणाली, "आई, बाबांचे गमबूट कुठायत?"

मागच्या दाराशी नवऱ्याचे गमबूट असतात. तो स्कीचे बूट घालून गेला होता, म्हणजे गमबूट तिथे असायला हवे होते. नव्हते. मी सकाळपासून त्या रिकाम्या जागेवरून चारदा ये-जा केली होती.

तेव्हा मला सगळं कळलं, आणि कळायला काही हुशारी लागली नाही, कारण मी स्वतः तेच केलं होतं. आपल्याकडे दारात चपला पडलेल्या असतात. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तर जी पायात बसेल ती माणूस सरकवतो. कुणाची म्हणून विचारत नाही. लग्न होऊन इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी कचरा टाकायला एका पाहुण्याचे बूट घालून गेले होते. परत आले तर तो गृहस्थ मोजे घालून दारात उभा, आणि सासूबाई त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून माफी मागतायत. मला नंतर म्हणाल्या, "तुमच्या देशात बूट गावाचे असतात का?" त्यानंतर मी कधी केलं नाही. इथे दुसऱ्याच्या बुटात कुणी पाय घालत नाही, आणि म्हणूनच ती फळी खरं बोलते. आमच्या फळीपुढे पहिल्यांदाच एक मराठी माणूस राहायला आला होता. आणि हे ज्या एकाच बाईच्या लक्षात यायला हवं होतं, ती फोनवर "सगळे आत" म्हणून मोकळी झाली होती.

मागच्या दारातून त्याची पावलं स्पष्ट दिसत होती. मी जेवणघरात ताटं मांडत असताना मीच मोकळं केलेल्या वाटेने तो गेला होता, पुढे बर्फ दाबायच्या गाडीने पहाटे केलेल्या पट्ट्याला लागला होता, आणि लिफ्टच्या खांबांच्या कडेने सरळ वर. मी डोळ्यांनी माग काढत गेले. जिथे पावणेनऊचा ढग येऊन बसला होता तिथे पट्टा संपत होता.

मी फोन केला. एक माणूस वर आहे, साडेसातपासून, डाव्या उताराच्या कडेने गेलाय. 

"ओकुसान, तुम्ही सगळे आत म्हणालात."

"हो. म्हणाले."

"समजलं," तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते मी अजून शब्दाला शब्द सांगू शकते. उजव्या उतारावरचा बर्फ अजून लोंबतोय. तो डाव्या उताराच्या तळाशी येऊन पडतो. त्याच्यावर आता ऊन आहे, तो कधीही सुटेल. माणूस खाली असेल तर तो पाडता येत नाही. आणि तो पाडल्याशिवाय माझी माणसं त्याच्याखाली पाठवता येत नाहीत. अडीचला ऊन कड्याआड जातं, बर्फ पुन्हा घट्ट होतो. तेव्हा जाऊ.

"अडीच? पाच तास?"

"हो."

"पाच तासांत माणूस मरतो."

"सहाजण गेले तर सहाजण मरतील," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मी चढवला. काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी त्याने फोन माझ्या नवऱ्याकडे दिला.

"तू मोजलंस ना?" नवऱ्याने विचारलं.

"मोजलं."

"माणसं?"

"बूट."

मी विचारलं, "तुला पाठवतायत का?"

"मी जातो म्हटलं. नाही पाठवत."

मला बरं वाटलं. लग्नाला तीन महिने झालेली मुलगी ओल्या केसांनी माझ्या शेजारी उभी होती, आणि माझा नवरा तिच्या नवऱ्याला शोधायला जात नाही म्हणून मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फोन जपानीत झाला होता, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला मराठीत सगळं सांगितलं, मोजण्याची गोष्ट सोडून.

"पण तुमचे मिस्टर तिथेच आहेत ना, काकू? त्यांना सांगा ना! तुमचं ऐकतील."

"ऐकणार नाही. ऐकूही नये."

"मग मी जाते."

तिने खरंच बूट काढले फळीवरून. मी तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला, तिने मला ढकललं, मी फळीवर आपटले. सासूबाई काठी टेकत आल्या आणि दारात आडव्या बसल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सरळ बर्फाच्या पाण्यात. त्यांना ओलांडून जायचं तिच्याने होईना. ती तिथेच खाली बसली आणि बुटाच्या नाडीची गाठ मारत, सोडत राहिली.

लाउडस्पीकरवरून ती बाई पुन्हा म्हणाली, कृपया धीर धरून थांबावे. जेवणघरातून कंपनीतल्या एकाने डोकं बाहेर काढून नम्रपणे विचारलं, लिफ्ट साधारण किती वाजता सुरू होतील? मी म्हटलं, आज होणार नाहीत, आणि कॉफी हवी असेल तर आपली आपण करून घ्या.

अकराला प्रमुखाने गाडी पाठवली. त्या माणसाला जपानी समजतं का, असं त्याने फोनवर विचारलं होतं. कारखान्यापुरतं, मी म्हटलं होतं. "मग तुम्ही या. तो जिवंत असेल आणि हातपाय मारत असेल तर जास्त खोल जाईल, शिवाय वरचा बर्फ हलेल. त्याच्या भाषेत सांगा." मी सांगलीच्या मुलीला बरोबर घेतलं. तिला घरात ठेवणं मला सुरक्षित वाटेना.

चौकी म्हणजे लिफ्टच्या पायथ्याची दोन खोल्यांची टपरी. गस्तीची माणसं भिंतीला टेकून उभी होती, सगळी तयार, कुणाला काही काम नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली. माइक माझ्या हातात दिला. इतका वेळ ती गोड आवाजाची बाई जिथून बोलत होती तोच माइक. ती वीस-बावीस वर्षांची पोर निघाली, रडून नाक लाल झालेली.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "मी काकू बोलतेय. ऐकू येत असेल तर ओरडू नकोस. हलू नकोस. नाकातोंडासमोरचा बर्फ हाताने बाजूला कर, बाकी काही करू नकोस. अडीच वाजता माणसं येतील. अडीच. तोपर्यंत थांब." माझा आवाज समोरच्या कड्यावरून परत आला. त्या डोंगरावर मराठी कधी बोललं गेलं नसेल. फार कोरडं वाटलं मला ते, दूधवाल्याला सूचना द्यावी तसं. पण दुसरं काही जमलं नाही.

मग मुलीला म्हटलं, बोल. तिने माइक दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"अहो," ती म्हणाली. थांबली. "अहो, ऐकताय ना? काकू सांगतात तसं करा. हलायचं नाही. मी इथंच आहे." आणि मग एकदम चिडून, "फोटो काढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला!"

प्रमुख दुर्बिणीतून बघत होता. काही हललं नाही.

त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी आम्ही बोललो. वेळ सांगायची, किती उरला ते सांगायचं. साडेअकरा. पावणेबारा. बाराला उजव्या कड्यावरून बर्फाचा एक छोटा लोट सुटला आणि अर्ध्यावर थांबला. सव्वाबारा. मुलीचा आवाज बसला तेव्हा मी एकटी बोलू लागले. मधे मी तिला भाताचा गोळा खायला दिला. तिने घेतला आणि मुठीत धरून ठेवला. एकला मला खात्री झाली की आपण मेलेल्या माणसाला घड्याळ सांगतोय. तरी सव्वाला सांगितलं, दीडला सांगितलं, कारण ती ऐकत होती.

दोन वाजून वीस मिनिटांनी सावली कड्यावरून खाली उतरायला लागली. प्रमुखाने ती पूर्ण उतरू दिली. अडीचला त्याने हात खाली केला आणि सहाजण निघाले, लांब सळया आणि फावडी घेऊन, एकमेकांत अंतर ठेवून, आवाज न करता. नवरा तिसरा होता. मी त्याच्याकडेच बघत होते, हेही खरं.

तीन वाजायला पाच मिनिटं असताना शिट्टी ऐकू आली. एक लांब. प्रमुख जपानीत म्हणाला, "जिवंत." मी भाषांतर केलं नाही, तिला कळलं होतं.

लिफ्टच्या चौथ्या खांबाच्या जंगलाकडच्या बाजूला तो सापडला. घसरत आलेल्या बर्फाने त्याला खांबावर आपटलं होतं आणि छातीपर्यंत गाडलं होतं. एक हात वर, खांबाच्या शिडीत अडकलेला. एक मांडी मोडलेली. आणि माझ्या नवऱ्याचे गमबूट त्याला दोन नंबर मोठे होते. उजवा बर्फाने ओढून नेला होता. तो पाय सहा तास नुसत्या मोज्यात होता.

स्लेजवरून खाली आणताना तो शुद्धीवर होता. नवऱ्याने नंतर सांगितलं की पोचल्यावर तो पहिल्यांदा जपानीत म्हणाला, "सुमिमासेन," माफ करा, आणि मग, "किती वाजले? काकूंनी अडीच सांगितले होते."

संध्याकाळी पाचला बर्फ काढणाऱ्या यंत्राने रस्ता एका गाडीपुरता मोकळा केला आणि रुग्णवाहिका त्याला गावातल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. त्याची बायकोही बरोबर गेली. चढण्याआधी ती माझ्या पाया पडली, तिथे, चौकीसमोरच्या चिखलात, सगळ्या गस्तीदेखत. "तुम्ही होतात म्हणून, काकू," ती म्हणाली. मी तिला उठवलं आणि दार लावायला सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला कंपनीतले लोक दबक्या आवाजात बोलत होते. सूचना ऐकायची नाही, परदेशी लोकांचं असंच, असं एकजण म्हणाला. मी वाढत होते. सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "तो नवा होता. आम्ही नव्हतो." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला लिफ्ट सुरू झाल्या. मी नाश्ता मांडला, भांडी माझ्या मुलीवर सोपवली आणि व्हॅन घेऊन गावात गेले. थर्मासमध्ये चहा होता. ती खोलीत खाटेशी बसली होती. तो औषधाने झोपला होता. पायावर तंबूसारखं कापड. बोटं किती राहतील ते डॉक्टर तपासून सांगणार होते.

मी उभ्यानेच सांगितलं. काल सकाळी आठला मला फोन आला होता, सगळे आत आहेत का म्हणून. मी वर येऊन बघितलं नाही. बूट मोजले आणि हो म्हटलं. मी हो म्हटलं म्हणून त्यांनी बर्फ पाडला.

"म्हणजे?" ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून.

तिने चहा घेतला नाही. मी दुसरी खुर्ची ओढली आणि डॉक्टर यायची वाट बघत बसले, कारण तिला जपानी येत नव्हतं.